गॅलनला बावन्न

एल्डननं आधी ब्याण्णवच्या सिव्हिकची जाळी
पुठ्ठ्यानं बुजवली,
मग पोटाखाली पत्रा ठोकला,
गोठ्याच्या छपरातून उरलेला.
मागच्या चाकांना झाकणं.
स्टेपनी काढली, मागची सीट काढली,
उजवा आरसासुद्धा.
नेब्रास्काचा वारा मेला
कुठं ना कुठं बोट घालतोच.

वहीत पेन्सिलीनं: एकोणचाळीस.
मार्चात सत्तेचाळीस.
एप्रिल: बावन्न. खाली दोन रेघा.

आता ब्रोकन बोच्या पंपावर
थांबावं लागत नाही.
काउंटरमागची मर्ना
सुट्टे मोजता मोजता विचारायची,
गुडघा काय म्हणतोय?

आज टाकी पाऊण भरलेली.
वळलाच तरी.
चारही चाकांत हवा भरत बसला,
होती ती पुरेशी असून,
काचेकडे न बघता.