रकाना सात

अर्जात एकूण एकवीस रकाने.
सहाव्यापर्यंत सुरळीत चाललं होतं.
नाव: बारकी जानू वरठा.
वय विचारलं तर समोरच्या फणसाकडे बघत म्हणाली,
"ह्याच्यापरीस दोन पावसाळे मोठी."
मी पंचावन्न लिहिलं.

मग सातवा. ग्रामीण, की नागरी?
कोणत्याही एका चौकोनात खूण करावी.

योजनेचं म्हणणं साधं आहे,
शेवटच्या घरापर्यंत फोन,
शेवटच्या घरापर्यंत ब्रॉडबँड.
त्यासाठी कंपन्यांच्या कमाईतून
दर वर्षी थोडा थोडा पैसा बाजूला पडतो,
खेड्यांसाठी.
आणि मुंबई खेडं नाही
हे शेंबडं पोरही सांगेल.

मी उभा होतो उंबरीच्या पाड्यावर,
गोरेगावच्या हद्दीत, महापालिकेच्या वॉर्डात.
वीज येऊन सात वर्षं झालेली, नळ अजून यायचाय.
साग संपतो तिथून वर पवईचे मनोरे,
त्यांच्या काचांवरचं ऊन
दुपारी दोननंतर पाड्याच्या डोळ्यांत येतं.

बारकीच्या अंगणात सिमेंटचा एक ठोकळा.
लाल अक्षरं: सावधान.
खाली ऑप्टिकल फायबर केबल आहे. खोदू नये.
ठोकळ्याला बकरी बांधलेली.
"ह्यो तुमचाच का?" ती म्हणाली.
"ह्याच्यापायी मला हितं अळू लावता येईना."

मी वाकून बघितलं. सवय.
अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात,
आता निवृत्तीनंतर कंत्राटावर, फॉर्ममागे चाळीस रुपये.
मॅनहोलमध्ये उकिडवा बसून
शंभर जोड्यांची केबल रंगांवरून लावायचो,
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा.
तेव्हा लोक एका फोनसाठी नऊ-नऊ वर्षं थांबत.
अर्ज बाप करायचा, घंटी मुलगा ऐकायचा,
आणि पहिली रिंग वाजली की
मळक्या हातावर पेढा.
मला वाटायचं, आपण पोचवतो.

इथं तर तार बकरीच्या खुरांखालून
सरळ पुढं चालली होती,
दार माहीत असून न थांबणाऱ्या पाहुण्यासारखी.

"मग फोन लागतच नाही?"
"लागतो की. कातळावर."

कातळाला त्यांनी नाव ठेवलंय टावर.
रेशनवाला महिन्यातून एकदा तिथं चढतो,
अंगठ्याचं मशीन डोक्यावर धरून.
एक काडी. दोन काड्या. परत एक.
खाली रांग, कुणाच्या काखेत पिशवी, कुणाच्या काखेत पोर.
गेल्या खेपेला फुलवंती हाडळ
अर्धा तास पदराला अंगठा पुसत राहिली
आणि मशीन म्हणत राहिलं,
पुन्हा प्रयत्न करा.
"पाच किलो तांदूळ," बारकी म्हणाली,
"वाऱ्यावर."

वर चुन्यानं दोन पावलं काढलेली.
तिथं उभं राहिलं की बोलणं होतं,
वीतभर सरकलं की तुटतं.
देवाची असतात तशीच पावलं,
फक्त फुलं कुणी वाहिली नव्हती.
मी चपला काढल्या. का, ते ठाऊक नाही.
पावलांत पाय ठेवले
आणि खिशातला मोबाइल थरथरला.
ऑफिसचा निरोप: मुंबई विभाग, शंभर टक्के पूर्ण.
उरलेले अर्ज आजच जमा करावेत.

उतरून आलो तेव्हा तिनं विचारलं,
"काय लिवलंस आमचं?"
"अजून काही नाही."
"गाव लिव, नायतर शहर लिव.
आमाला कंचंबी चालंल.
पर एकदा ठरवा म्हंजे झालं."

तिला काय सांगणार होतो?
मला एवढंच खात्रीनं येत होतं, ते सांगितलं:
केबल साडेपाच फूट खाली असते, बाई.
अळूचा कंद वीतभर.
लाव बिनधास्त. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

तिनं बकरी सोडून दुसरीकडे बांधली.
खुरपं आणायला आत गेली.
मी पेनाचं टोपण लावून
सातव्या रकान्याकडे बघत
फणसाखाली बसून राहिलो.