हायजीनच्या आधी 'अ' लागत नाही

ऐरोलीच्या टॉवरात, अगदी तळाला,
जिथे लिफ्टच्या मोटरी घुमतात
आणि ओले मॉप भिंतीला टेकून उभे असतात,
तिथे दर गुरुवारी साडेतीनला
मी हाउसकीपिंगच्या बायकांना इंग्रजी शिकवते.
कंपनीचं म्हणणं, कुणी काही विचारलं
तर उत्तर पुऱ्या वाक्यात यावं.

त्या दिवशी फळ्यावर लिहिलं: हायजीन.
स्पेलिंग बघून कमल भोईर म्हणाली,
"हा वाय कशाला लंगडी घालतोय मध्येच?"

मी सांगितलं, हा शब्द मोजता येत नाही.
एक हायजीन, दोन हायजीन असं नसतं.
पुढे 'अ' नको, शेपटीला 'स' नको.
दूध, पीठ, अक्कल, तशातलाच हा.
'शी इज व्हेरी हायजीन' चूक.
माणूस हायजीन नसतो, माणसाची असते.
आणि हायजीन करत नाहीत, पाळतात.
"एकादशीसारखी?"
"रोज्यासारखी," रझिया म्हणाली.
मी म्हटलं, तशीच, फक्त बारमाही.

मग वाक्यं.
कमलचं पहिलं: माय मदर-इन-लॉ हॅज नो हायजीन.
हशा पिकला. पण व्याकरण चोख होतं,
टिक द्यावीच लागली.
रझियाचं: फूड हायजीन इज इम्पॉर्टंट.
टिक. हे पाठ केलेलं वाटलं, तरी टिक.

शेवंता खिल्लारेने वही उघडलीच नव्हती.
एप्रनच्या खिशातून तिने
चार घड्यांचा कागद काढला, माझ्यापुढे सपाट केला.
"मॅडम, हे बरोबर आहे का बघा."

युवर पर्सनल हायजीन इज पुअर.
खाली सेकंड वॉर्निंग, शिक्का,
फ्लोअर मॅनेजरची झोकदार सही.

सवयीने लाल पेनचं टोपण निघालं.
'अ' नव्हता. 'स' नव्हता.
क्रियापद एकवचनी.
विशेषण जागच्या जागी.
"बरोबर आहे," मी म्हणाले
आणि जीभ चावली.

"मग ठीक," ती म्हणाली.
कागदाच्या घड्या घालता घालता,
जणू शेजारणीचं सांगतेय अशी, बोलत राहिली:
दिघ्याला, डोंगराच्या अंगाला, पाणी रात्री अडीचला.
आठ कॅन. सासरे अंथरुणात,
त्यांचं धुण्यातच तीन जातात.
स्वयंपाक, पोरांच्या बाटल्या,
मग उरलं तर मी.
इथे सतराव्या मजल्यावर बावीस बेसिन पुसते,
हात नुसता पुढे केला की नळ सुटतो.
तो आपला नाही.
आपल्या बाथरूमचा दिवाळीपासून बंद.

मोटर घुमली, थांबली.
कुणीतरी वर गेलं होतं.

मला काही सुचेना. मी फळा पुसायला घेतला,
तर कमल म्हणाली,
"मॅडम, ते 'युवर' काढून
तिथे दुसरं कुणाचं नाव बसतं का?"
बसतं, मी म्हटलं. कुणाचंही बसतं.
"बिल्डिंगचं?"
बसतं.
"मग तो पर्सनलही जाईल."
जाईल.

शेवंताने घड्या पुन्हा मोडल्या.
कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूला,
ओठ हलवत, एकेक अक्षर ठेवत गेली.
वाय दोनदा लिहिला, पहिला खोडून.
धिस बिल्डिंग्ज हायजीन इज पुअर.
"आता?"

मी वाचलं. पुन्हा वाचलं.
चूक शोधत होते की सबब, सांगता येणार नाही.
मग टिक केली. लाल, मोठी, शाळेतल्यासारखी.

ती उठली, कागद न दुमडता
सरळ लिफ्टकडे गेली.

माझं बिल महिनाअखेरीला
त्याच झोकदार सहीने निघतं,
हे मला पेनला टोपण लावताना आठवलं.