गुरुवार, टोकन सतरा

सोळा पोटं पाहून झाली होती.
सोळा वेळा तेच वाक्य: वाढ बरोबर आहे, पाणी बरोबर आहे.
भिंतीवर पाटी, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही,
एका कोपऱ्यातून उखडलेली,
चिकटपट्टीने परत बसवलेली.

सतरावी आली सायत्रा मारबते,
वय अंदाजे बावन्न, नवेगाव बांधाकडची,
लुगड्याला ओल्या जाळ्याचा वास.
चिठ्ठीवर लिहिलेलं: मानेला गाठ, सहा महिने.
सहा नाही जी, ती म्हणाली,
दिवाळीपासून पोत अडून रायली.
काळ्या मण्यांची पोत तिने काढली,
ठेवायला जागा सापडेना,
मुठीतच धरली.

खांद्यांखाली उशी, मान मागे.
जेल लावताच अंग चोरून म्हणाली,
बोडीतल्या पाण्यावानी गार हाये हे, पुसातल्या.
मग छताकडे पाहत, अगदी गंभीरपणे:
पोट्टा हाये का पोट्टी?

बाहेर बाकावरच्या दोघी हसल्या. मीही.
सांगता येत नाही, मावशी. कायदा आहे.

हसू ओठांवर असतानाच
हात गाठीवर येऊन थांबला.

कानाला न ऐकू येणारा आवाज मी तिच्या गळ्यात सोडत होते,
परतताना तो जे आणत होता
ते राखाडी होऊन स्क्रीनवर उमटत होतं.
डावी बाजू एकसारखी, मऊ.
उजवीकडे काळपट काही,
कडा दातेरी,
रुंदीहून उंच,
आडवं पसरायचं सोडून उठून उभं राहिल्यासारखं.
आत पांढरे ठिपके,
कनकीएवढेही नाहीत, रव्याएवढे.
एक पूर्णांक चार सेंटीमीटर.
दुसऱ्यांदा मोजली,
कमी भरेल म्हणून.

हे धकधक करते ते का होय?
रक्ताची नळी.
चालू हाये ना?
आहे.
मंग ठीक.
पहिले मासोळीची हाक मारली
का शाळेपर्यंत जाये.
आता तिसऱ्या घरची बाई बी बाहेर निघत नाही.

मी रिपोर्टात आकडा टाकला. पाच.
तिला आकडे वाचता येतात, वजनकाट्यामुळे.
कितीपैकी जी?
पाचपैकी.
अरे, मंग पास झाली की मी!

जे सांगायला बंदी आहे
ते मी दिवसभर सहज गिळते.
हे सांगायला कुणाचीच बंदी नव्हती.

मावशी, ही गाठ चांगली दिसत नाही.
सुईने तपासावी लागेल, नागपूरला.
लवकर काढली तर बहुतेक जणी बऱ्या होतात.
बहुतेक हा शब्द मी जोरात म्हटला की हळू,
आता आठवत नाही.

ती उठून बसली.
मी दिलेला कागद तिने घडी करून बाजूला ठेवला,
गळा पदरानेच पुसला,
बराच वेळ,
जेल निघून गेल्यावरही.
बुधवार सोडून सांगजा, म्हणाली. बुधवारी बाजार असते.
पोत गळ्यात घालता घालता थांबली,
कमरेच्या बटव्यात टाकली.

दारातून तिचा आवाज आला,
घोगरा, पण बाकापर्यंत पोचेल एवढा:
पोट्टा-पोट्टी नोका विचारू वं पोरींनो,
बाई सांगत नाही.
बाकी सारं सांगते.

मी जेलची बाटली उलटी करून झटकली.
अठरा.