टेस्ट बेंच नंबर चार

सातपूरला, सहा नंबरच्या शेडमध्ये
एकोणीस वर्षं मी कॉन्टॅक्टर तपासते.
कॉइलला करंट दिला : खट्.
काढला : खट्.
दुसरा खट् आला नाही की समजायचं,
आतले चांदीचे ठिपके वितळून एकमेकांना चिकटलेत,
मोटार आता कुणाचं ऐकणार नाही.
तो पीस लाल क्रेटमध्ये.

पहिला खट् कुणालाही ऐकू येतो,
पगार दुसऱ्याचा मिळतो,
असं आमचे जुने सुपरवायझर मौले म्हणायचे.

मार्चमध्ये कंपनीच्या तपासणीत
पांढऱ्या पेशी निघाल्या एक लाख चाळीस हजार.
मला वाटलं, लॅबवाल्यानं शून्य जादा मारलंय.
मी स्वतः रजिस्टर भरते,
शून्य कसं सरकतं ते मला माहीत आहे.

मुंबई नाक्याच्या दवाखान्यात बेंडकुळे मॅडमनी
पॅडवर दोन काड्या काढल्या.
ही नऊ नंबरची, ही बावीस.
दोघींची टोकं तुटली, जुळताना अदलाबदल झाली,
आणि त्या सांध्यातून एक कायनेज निपजलं.

कायनेज म्हणजे टिकली लावणारं प्रथिन, त्या म्हणाल्या,
फॉस्फेटची टिकली.
जिला लागली ती जागी होते, पुढचीला लावते,
निरोप आत आत जातो : वाढ, एकाची दोन हो.
काम झालं की टिकल्या उतरवणारेही असतात.
बाहेरून सांगावा आल्याशिवाय
चांगलं कायनेज हात उचलत नाही.
तुमच्यातलं मात्र...

चिकटलंय, मी म्हटलं.
दुसरा खट् येत नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं.
तुम्ही काय करता, असं त्यांनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं.

सिटीलिंकमध्ये खिडकीशी बसून
मी माझ्याच मांडीच्या हाडावर हात ठेवला.
आत भोंगा नाही, शिफ्ट नाही, सुट्टी नाही,
आणि लाल क्रेटही नाही :
पीस मीच आहे.

गोळी चारशे मिलिग्रॅमची, जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर.
ती काही दुरुस्त करत नाही.
कायनेजच्या ज्या खाचेत एटीपी येऊन बसतं
तिथे आधी जाऊन बसते, एवढंच,
बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तशी.

ग्रेपफ्रूट बंद, असं ऐकून मधुसूदननं
मोहाडीच्या भावानं पाठवलेली द्राक्षांची अख्खी पेटी
खालच्या गायधनींना देऊन टाकली.
मॅडम हसल्या : द्राक्षं खा हो, पपनस नको.
पण दिलेली पेटी परत मागायची कशी?

दर तीन महिन्यांनी रांगेत रुकय्या आपा भेटतात,
मालेगावच्या, घरात आठ साचे.
तिसऱ्या वर्षी त्यांच्या कायनेजनं
त्या खाचेतलं एकच अक्षर बदललं,
गोळी बसेना.
आता दुसरी आहे, महाग.
आमचा धोटा अडकला तर साचा बंद पडतो, त्या म्हणाल्या,
हे कसलं मशीन, जे अडकलं की धावतं?
मला उत्तर आलं नाही.
त्यांनी डब्यातली नानखटाई पुढे केली.

दीड वर्षानं माझा आकडा आला शून्य पूर्णांक शून्य आठ टक्के.
शून्य नाही, मॅडम म्हणाल्या, पण छान आहे.
हे शून्य मी दोनदा तपासलं.
डोळ्यांखाली सूज असते, रात्री पोटऱ्या वळतात,
मधुसूदन झोपेतच उठून तळवे दाबतो.

परवा बेंचवर नवी ट्रेनी आली, ऋतुजा, आयटीआयची.
विचारलं, दुसरा आवाज कसा ओळखायचा?
म्हटलं, पहिल्यानंतर थांबायचं.
किती वेळ?

मी करंट काढला.
दोघी थांबलो.
शेजारच्या लाइनवर कुणीतरी ड्रिल चालू केलं.