गाठ

गोडवलीला आमच्या मागच्या दारी
फळ्यांचा एक ओटा होता. हे त्याला डेक म्हणायचे,
हैबती सुतार माची म्हणायचा,
मी काहीच म्हणत नसे,
मी त्यावर पापड वाळवायचे.

एकोणीस पावसाळे. इथला पाऊस
महिन्यांत मोजत नाहीत, फळ्यांत मोजतात.
पहिल्या वर्षी एक फुगली,
सातव्या वर्षी तीन बदलल्या,
बाराव्याला शेवाळ आलं ते राहायलाच आलं.
दर दिवाळीआधी हे पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून
जळकं ऑइल फासायचे
आणि महिनाभर घरातल्या चादरींना
गॅरेजचा वास.

गेल्या श्रावणात पाचवी फळी मोडली
आणि तिच्याबरोबर ह्यांचा खुबा.
वाईच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्याआल्या म्हणाले,
"फळीला बोल लावू नकोस, पाऊल माझं चुकलं."
मी फळीलाच लावला.

उकलायला हैबतीच आला. स्वतःचंच काम.
एकेक खिळा वाकू न देता काढत होता.
अरे, भंगारात जायचेत ते, मी म्हटलं.
"सवय हाय, वैनी."

पाचव्या फळीची गाठ कधीच गळून पडलेली,
त्या भोकातून खालचा अंधार दिसायचा.
आता तिथे ऊन पडलं, तर काय काय निघालं:
माझ्या कुडीची फिरकी,
दोन रुपयांची तीन नाणी,
सापाची सबंध कात,
आणि बुद्धिबळातला काळा उंट,
ज्याच्या जागी आम्ही अकरा वर्षं
औषधाच्या बाटलीचं बूच खेळवत होतो.
कात हैबतीनं उचलली आणि खिळ्यांशेजारी ठेवली,
तशीच, न मोडता.

मग साताऱ्याहून नौशाद आला,
सहा पोरं, एक मिक्सर,
आणि रबराचे जाड गालिचे,
पोटाच्या बाजूला सागाच्या रेषा उमटवलेले.
ओल्या काँक्रीटवर अक्रोडी भुकटी उधळली,
वर गालिचे टाकले, आणि पोरं
अनवाणी त्यांवर नाचल्यासारखी तुडवत सुटली.
"आटपा रे, माल ओढतोय!" नौशाद ओरडत होता.
गालिचे उचलले तर खाली साग.
रेषा, सांधे, कडेला एक गाठसुद्धा.
हैबती कुंपणापलीकडून बघत राहिला,
तोंडातली विडी न पेटवता.
मग म्हणाला, "रंधा न मारता एवढं लाकूड!"
कौतुक होतं की काय होतं,
मला नाही कळलं.

आता घसरत नाही. वाळवी नाही. ऑइल नाही.
वॉकर सरळ जातो. तक्रार नाही माझी.
फक्त आवाज गेला.
पूर्वी दुसरी फळी कुरकुरली की दूधवाला,
चौथी-सहावी एकदम, म्हणजे शेजारच्या पोरी,
आणि पाचवीच्या अलीकडे क्षणभर शांत
म्हणजे हे, भोक टाळून पाऊल टाकणारे.
आता वळून बघते तर हे मागे उभेच असतात,
कधीपासून, कोण जाणे.

संध्याकाळी खोऱ्यातला उजेड विझेस्तोवर
डॉक्टरांनी सांगितल्यात तेवढ्या फेऱ्या.
छाप एकच, म्हणून गाठही एकच,
दर चार हातांवर पुन्हा.
हे वॉकर थांबवतात.
"मघाचीच का गं ही?"
नाही, पुढची.
"मग आपण कुठवर आलो?"
कालच्या सरीनंतर प्रत्येक गाठीत
चमचाभर पाणी होतं.
एक बुलबुल पहिल्या गाठीतलं प्यायला,
दुसऱ्या गाठीशी गेला,
आणि मान वाकडी करून
आमच्याकडे बघत बसला.

फेऱ्या झाल्या की पट मांडते.
उंट घासूनपुसून ठेवला होता मी,
पहिल्याच दिवशी ह्यांनी तो डबीत परत टाकला.
"बूचच असू दे," म्हणाले,
"तिरकं चालायला शिकलंय ते."