झाकणातलं भोक

आसूदच्या चढावर येझदी तिसऱ्यांदा मेली.
आधी जेट काढून फुंकला होता,
मग क्लचच्या वायरीतली एक तार ओढून
पायलटमध्ये घातली.
वाटीत पेट्रोलखाली पाण्याचे दोन थेंब,
साबुदाण्यासारखे.
खाऱ्या हवेला शिव्या घातल्या.

हर्णैहून मासळी घेऊन येणारा लतीफ परकार थांबला.
कार्बोरेटरकडे बघितलंच नाही त्यानं.
टाकीचं झाकण फिरवलं –
स्स्स.

झाकणाच्या भोकात कुंभारीण माशीनं
माती लिंपलेली.
“खाली पेट्रोल उतरायचं
तर वरनं वारा नको जायला?”

टोपलीतल्या हिरानं त्यानं माती टोकरली.
आत बधिर हिरवी अळी,
तिला चिकटलेलं अंडं.

किक मारायची राहिली.
हे आता कुठं ठेवायचं,
दोघंही बघत राहिलो,
त्याचा बर्फ ठिबकत होता.