तात्पुरतं

ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत एक टेबल आहे,
त्याला हलायला शिकवलंय.
बटण दाबलं की ते आधी कुरकुरतं,
मग वरची बाल्साच्या काड्यांची इमारत,
चार मजली, मी बांधलेली,
पाय रोवून उभी राहते. किंवा राहत नाही.
त्याचेच गुण.

मागच्या सोमवारी द्यूमोंसेल सरांनी विचारलं,
तात्पुरत्या निवाऱ्याचं आयुष्य किती धरायचं?
आंत्वान म्हणाला, दोन वर्षं.
पुस्तकात तसंच आहे.
मी मान खाली घालून समासाची रेघ
पुन्हा पुन्हा गिरवत राहिले.

ग्युमरीत आमचा दोमिक होता:
भूकंपानंतर मालगाडीने आलेला पत्र्याचा डबा.
मी जन्मले तेव्हा तो बारा वर्षांचा,
म्हणजे मला थोरल्या भावासारखाच.
थंडीत त्याच्या भिंतींना आतून बर्फ धरायचं.
बाबा पहाटे उलथन्याने खरवडायचे,
आई पांघरुणातून म्हणायची, झाली का घराची दाढी?
ईस्टरला आम्ही गंजावर रंग द्यायचो,
कुणाकडे उरला असेल तो.
पक्क्या घरांच्या यादीत आमचा नंबर होता.
नंबर नेहमीच होता.

देसीनला आलो तेव्हा मी चौदाची.
आई इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करू लागली.
फॉर्मवर माझ्या नावापुढे तिने लिहवून घेतलं: विद्यार्थिनी.
स्वतःपुढचा रकाना मोकळाच ठेवला.
मला तेव्हा फ्रेंचमध्ये
'भूमितीची शिक्षिका' लिहिता येत नव्हतं.

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत विचारलं, हाच विषय का?
मी पाठ केलेलं सांगितलं: आल्प्स, भूकंपप्रवण पट्टा, पुढच्या संधी.
खोटं नव्हतं.
नुसतं इस्त्रीचं होतं.

आज माझी पाळी.
टेबल हललं. तिसऱ्या मजल्यावरची एक काडी
कट्कन मोडली,
बाकीच्यांनी भार वाटून घेतला.
सर म्हणाले, वीसपैकी सोळा, शोघाकात.
सगळे दप्तरं आवरू लागले,
आणि काय झालं कोण जाणे, मी हात वर केला.
म्हटलं, सोमवारचा तो प्रश्न...
सव्वीस वर्षं, सर.
आम्ही निघालो तेव्हा तो उभा होता.
आता शेजारचे मेलिकसेत त्यात कोंबड्या ठेवतात.

आंत्वान हसला. मग हसायचा थांबला.
सरांनी फळ्यावर दोन लिहिले,
शेजारी सव्वीस,
आणि खडू तसाच धरून विचारलं,
पत्र्याची जाडी?

मिलिमीटर मला ठाऊक नव्हते.
मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली,
आणखी थोडी जवळ.